बंद तलावातले तेरा तास

१

खाऱ्या पाण्याच्या तलावात क्लोरीन नसतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी वाद घालणं मी आता सोडून दिलं आहे. तीस वर्षं पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढली आणि त्यात नाकाचा बळी दिला. आता मला गुलाबाचा वास येत नाही आणि गटाराचाही नाही. बायको म्हणते, नाक गेलं, पण ते खुपसायची सवय काही गेली नाही. तिचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही.

आमच्या भागातल्या तलावाच्या दारावर मोठी पाटी आहे: 'नैसर्गिक खारे पाणी, रसायनमुक्त.' ती वाचली की माझं डोकं फिरतं. या तलावात मीठ टाकतात आणि ते खारट पाणी एका नळकांड्यातून नेतात. त्या नळकांड्याला सेल म्हणतात. आत धातूच्या पट्ट्या असतात, त्यांतून वीज सोडली की मिठातूनच क्लोरीन तयार होतो. थोडक्यात, तलावाशेजारच्या खोलीत क्लोरीनचा एक छोटा कारखानाच चालू असतो. पाणी वाहत असेल तोवर त्याचा काही त्रास नाही.

त्या मंगळवारी सकाळी साडेसहाला मुलींचा संघ पाण्यात सराव करत होता. पंप सुरू झाला आणि भिंतीतल्या झरोक्यांतून स्वच्छ पाण्याऐवजी पिवळसर हिरवे बुडबुडे बाहेर पडले. बाकीच्या मुली खोकत काठावर आल्या. झरोक्याच्या अगदी तोंडाशी असलेली अकरा वर्षांची मुलगी मात्र पाण्यातच वाकडी झाली. तिला सगळे मासोळी म्हणतात. मी पोचलो तेव्हा ती रुग्णालयात ऑक्सिजनवर होती.

मला मॅनेजरनं बोलावलं होतं. फाटकापाशीच मासोळीचे वडील भेटले. ते वायरमन आहेत. मुलीचं दप्तर न्यायला आले होते आणि दप्तर छातीशी धरून चौकीदारावर ओरडत होते.

"सोडणार नाही मी त्याला. आळशी माणूस आहे तो. फ्लो स्विच बांधून ठेवला असेल, कामं उरकली असतील आणि घरी जाऊन झोपला असेल. माझी पोर तिकडे श्वासाला मोताद झालीये."

मी बाजूला झालो. बापाच्या अशा रागापुढे माणूस काय बोलणार? ते रिक्षात बसून निघून गेले.

"तो म्हणजे भाऊ," मॅनेजर म्हणाला. "आमचा तलाव सांभाळणारा. अ‍ॅसिडचा घोळ केला त्यानं. कबूलही केलंय. पाच वाजता कमिटी बसेल आणि तक्रार पोलिसांत जाईल. तुम्ही फक्त पाणी तपासून कागदावर सही करा."

"कबूल केलंय, तर मला कशाला बोलावलंत?"

"विमावाल्यांना तज्ज्ञाची सही लागते," तो म्हणाला. इतकं खरं बोलल्याबद्दल मी त्याला मनातल्या मनात एक गुण दिला.

२

भाऊ पंपाच्या खोलीत उलट्या बादलीवर बसला होता. पन्नाशीचा, काटकुळा, हाताची कातडी मिठानं पांढुरकी पडलेली. बारा वर्षं तो हा तलाव सांभाळतो आहे. तलावामागच्याच दोन खोल्यांत तो, त्याची बायको आणि सासू राहतात. नोकरी गेली तर खोल्याही जाणार, आणि तक्रार झाली तर तुरुंगाची वाट.

"काय झालं, भाऊ?"

"चूक झाली साहेब." त्यानं मान वर केली नाही. "काल सोमवार, तलाव बंद असतो. दर तीन महिन्यांनी सेल काढून अ‍ॅसिडच्या पाण्यात धुतो मी, पट्ट्यांवर चुना साठतो ना. काल धुतला, पण नीट खळबळला नाही. अ‍ॅसिड आतच राहिलं. त्याचाच वायू झाला."

"किती अ‍ॅसिड राहिलं असेल?"

"असेल वाटीभर."

मी सेलकडे बघितलं. पारदर्शक प्लास्टिकचं नळकांडं मधोमध फुगलं होतं आणि एका बाजूनं दुधाळ झालं होतं. मी त्यावरून बोट फिरवलं. वाटीभर अ‍ॅसिडनं प्लास्टिक फुगत नाही. ते उष्णतेनं फुगतं. आतलं पाणी हलत नसताना तासन् तास वीज चालू राहिली, तरच इतकी उष्णता होते. शिवाय अ‍ॅसिडचा वायू झाला असता तर पहिला ठसका या खोलीत सेल धुणाऱ्या भाऊला लागला असता. आणि भाऊ माझ्याशी खणखणीत बोलत होता.

"हे यंत्र पाणी थांबल्यावर आपोआप बंद होतं ना?"

"होतं." त्यानं नळीकडे बोट दाखवलं. "नळीत एक स्विच आहे. पाणी वाहतंय की नाही ते बघतो. पाणी थांबलं की तो भिंतीवरच्या विजेच्या खोक्याला कळवतो, मग वीज तुटते. बाजूचा तो पाण्यात अ‍ॅसिड सोडणारा छोटा पंपही त्याच्याचबरोबर बंद पडतो."

"म्हणजे फ्लो स्विच."

"हो, तोच."

"मग काल तो स्विच काय झोपला होता?"

भाऊनं पायाशी बघितलं आणि म्हणाला, "साहेब, मी कबूल केलंय ना सगळं. लिहून घ्या आणि सोडा." जो माणूस स्वतःच्या गळ्यात फास अडकवायला इतका उतावळा असतो, त्याचं मला कधीच पटत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

३

मी खोक्याचं झाकण उघडलं. आत तारांची गर्दी होती आणि सगळ्या तारांवर बारा वर्षांची धूळ. फक्त फ्लो स्विचच्या दोन स्क्रूंवर धूळ नव्हती. त्यांची डोकी नव्यासारखी चमकत होती. त्या दोन स्क्रूंच्या मध्ये एखादी तार टाकली, की खोक्याला वाटतं पाणी वाहतंय, मग ते वाहत असो वा नसो. तार आता तिथे नव्हती. पण कुणीतरी घातली होती आणि कुणीतरी काढलीही होती.

झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा चिकटला होता. त्याचं एक टोक दुमडून छोटी जीभ केली होती. पट्टी काढायची वेळ आली तर नखानं खरवडावं लागू नये, म्हणून केलेली. इतकं पुढचं बघून काम करणारी माणसं कमी असतात. मी तुकडा पाकिटात ठेवला.

मग नळीतला स्विच तपासला. त्याच्या अंगावर बाण असतो, पाणी ज्या दिशेला जातं त्या दिशेला. हा बाण उलटा होता. भाऊनं काल सेल धुताना स्विच काढला आणि परत बसवताना उलटा बसवला. उलट्या स्विचला वाहतं पाणीही थांबल्यासारखं वाटतं, म्हणून खोक्यावर लाल दिवा लागतो आणि क्लोरीन बनतच नाही. म्हणजे भाऊची चूक खरी होती, पण तिनं कुणाला इजा झाली नसती. लाल दिवा घालवायला ज्यानं तार टाकली, त्याच्यामुळे झाली.

भिंतीवर एक कागद लावलेला होता. यंत्र किती तास चाललं ते खोक्यावर आकड्यांत दिसतं. दर वेळी सेल धुतला की भाऊ तो आकडा टिपून ठेवतो. शेवटची नोंद होती सोमवार, दुपारी पावणेतीन, सहा हजार दोनशे बारा. खोक्यावर आता सहा हजार दोनशे पंचवीस दिसत होतं.

"सकाळी यंत्र कुणी बंद केलं?" मी विचारलं.

"मीच. ओरडा झाला तसा लगेच. साडेसहाला."

तेरा तास. मी बोटांवर मागे मोजत गेलो. साडेसहातून तेरा वजा केले की आदल्या संध्याकाळचे साडेपाच येतात.

"काल साडेपाचला कुठे होतास, भाऊ?"

"सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तीनला निघालो ते रात्री उशिरा आलो. घाईत होतो, म्हणून यंत्र चालवून बघायचंही राहिलं. बायको होती, डॉक्टर होते, विचारा हवं तर..." त्यानं जीभ चावली. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं होतं.

भाऊ इथे नसताना, बंद तलावात, कुणीतरी यंत्र सुरू केलं होतं.

४

तलावाच्या चाव्या तिघांकडे असतात: भाऊ, मॅनेजर आणि मुलींना शिकवणाऱ्या कोचबाई. मॅनेजर सोमवारी गावात नव्हता. त्यानं मला प्रवासाची तिकिटं दाखवली, न मागता. त्याला तज्ज्ञाची सही हवी होती, पण दोन तासांत माझ्या प्रश्नांनी त्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

कोचबाई आपल्या खोलीत बसल्या होत्या. रडून डोळे सुजलेले. टेबलावर भोंगा होता, मुलींना काठावरून सूचना द्यायचा.

"सोमवारी तलाव बंद असतो," त्या म्हणाल्या. "आम्ही कुणीच नव्हतो."

"परवा निवड चाचणी आहे म्हणे?"

"उद्या. आता कसली चाचणी."

मी भोंगा उचलून बघितला. त्याची तार मध्येच तुटली होती आणि ती काळ्या पट्टीनं नीट जोडली होती. पट्टीचं टोक दुमडून केलेली छोटी जीभ माझ्या बोटाला लागली. नको असलेलं उत्तर मला दिसायला लागलं होतं.

"छान जोडलाय. कुणी केलं काम?"

"मासोळीच्या बाबांनी. इथले दिवे, पंखे, सगळं तेच बघतात. पोरगी पोहते म्हणून. फार चांगले आहेत हो."

मी पाकिटातला तुकडा काढून भोंग्याशेजारी ठेवला. "बाई, काल साडेपाचला यंत्र सुरू झालं. तुम्ही इथे नव्हता, तर चावी काय स्वतःहून चालत आली?"

त्यांनी तोंडावर हात दाबला. मग सगळं बाहेर आलं. तलाव बंद असलेल्या दिवशी चोरून सराव घेतला होता, फक्त सहा मुली, तास दीड तास. खोक्यावर लाल दिवा होता. पाणी जरा गढूळ वाटलं, तसं त्यांनी मासोळीच्या बाबांना विचारलं. ते मुलीला सोडायला आलेच होते. पाच मिनिटांत हिरवा दिवा लागला.

"सात वाजता मी पंप बंद केला. खोक्याला हात लावायचा असतो हे मला माहीतच नव्हतं. आपोआप बंद होतं ना ते?"

"एरवी होतं."

"त्यांनी काही सांगितलं नाही मला. खरंच नाही सांगितलं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे माझ्यामुळे का?"

त्यांच्यामुळेही झालं होतं, आणि भाऊमुळेही. पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. रात्रभर साचलेल्या पाण्यात यंत्र क्लोरीन बनवत राहिलं, अ‍ॅसिडचा पंप थेंब थेंब टाकत राहिला, नळीत वायू कोंडला. सकाळी पंपानं तो एका दमात पाण्यात ढकलला.

एक कोडं उरलं होतं. तार काढली कुणी?

५

"तार खिशात आहे की फेकलीस?" मी भाऊला विचारलं.

त्यानं एकदा दाराकडे बघितलं. मग सदऱ्याच्या खिशातून वीतभर तांबडी तार काढून माझ्या हातात दिली. टोकं दुहेरी दुमडलेली होती, स्क्रूखाली घट्ट बसावीत म्हणून.

"सकाळी मला उशीर झाला," तो म्हणाला. "आलो तेव्हा मुली पाण्यात होत्या. पाण्यात माणूस असताना पंप सुरू करायचा नसतो, हे मीच सगळ्यांना सांगतो. पण हिरवा दिवा बघितला, पंप बंद असताना तो कसा हे घाईत सुचलं नाही, आणि बटण दाबलं. मग तो ओरडा. खोकं उघडलं तेव्हा ती पट्टी दिसली. त्यांच्या हातचं काम मी झोपेतही ओळखेन, साहेब."

"मग बोलला का नाहीस?"

"ते धावत आले. मासोळीला उचलून कोचबाईंच्या गाडीत घातलं. स्वतःच्या पायात चप्पल नाही, हेही त्यांना कळलं नाही. त्या माणसाला सांगू, की हे तुमच्याच हातून झालं? पोरीला आई नाही. दोघंच आहेत ती."

"आणि तुझं काय? तुझी बायको, डोळ्याला पट्टी बांधलेली सासू?"

"पोर घरी येऊ दे. मग बघू." तो बादलीवर परत बसला. "त्यांना कळलं तर ते जगायचे नाहीत हो. आत्ता नका सांगू त्यांना."

मला त्याचा राग आला आणि त्याच्या पायाही पडावंसं वाटलं. घड्याळात पावणेचार वाजले होते. भाऊ समजत होता की वायरमनला काहीच माहीत नाही. आणि मला सकाळचं फाटकापाशीचं बोलणं आठवत होतं.

६

रुग्णालयाच्या लांबलचक ओसरीत वायरमन भिंतीला टेकून उभे होते. दप्तर अजून हातातच होतं.

"डॉक्टर म्हणाले धोका टळला," ते म्हणाले. "घसा भाजलाय, बोलता येतं थोडं. तक्रार झाली का त्याची?"

"पाच वाजता होईल. त्याआधी एक विचारायचं होतं." मी तार आणि पट्टी त्यांच्यापुढे धरली. "सकाळी तुम्ही फाटकापाशी म्हणालात, त्यानं फ्लो स्विच बांधून ठेवला असेल. त्या वेळी सगळे फक्त अ‍ॅसिडबद्दल बोलत होते. मॅनेजरला तो स्विच कशाशी खातात ते अजूनही ठाऊक नाही. तुम्हाला कसं सुचलं?"

त्यांनी वस्तूंना हात लावला नाही. नुसते बघत राहिले.

"कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"गाडीतच." आवाज अगदी खाली गेला होता. "ती खोकत होती आणि मला खोकं आठवलं. मी तार टाकली तेव्हा ठरवलं होतं, निघताना बाईंना सांगायचं, पंपाबरोबर हेही बंद करा म्हणून. मासोळी बाहेर आली, थंडीनं कुडकुडत होती. तिचं डोकं पुसलं, केस कोरडे केले, आणि सांगायचं राहूनच गेलं. एवढंच झालं. केस पुसत होतो मी."

"आणि सकाळपासून भाऊच्या नावानं ओरडताय."

"त्यानं स्वतःहून कबूल केलं. का केलं ते मला कळेना. वाटलं, करतोय तर करू दे." त्यांनी डोळे मिटले. "त्याला दुसरी नोकरी मिळेल. मला दुसरी मुलगी कुठून मिळेल? तिला कळलं की बाबानं केलं, तर ती माझ्याकडे कशी बघेल?"

"त्यानं तार पाहिली होती. तुमचं काम ओळखलं, आणि तुम्हाला कळू नये म्हणून काढून खिशात घातली. म्हणून कबूल केलं."

आतापर्यंत हा माणूस उभा होता. आता तो खाली फरशीवर बसला. मला त्याची दया यायला हवी होती. खरं सांगायचं तर तेव्हा आली नाही. कोडं सुटलं की मला नेहमी हलकं वाटतं, त्या दिवशी वाटलं नाही. मॅनेजरनं सहीसाठी दिलेल्या कागदावर खरं लिहावं की तो फाडून टाकावा, हेच कळेना. पाकिटातली पट्टी खोटं सांगत नव्हती, पण पट्टीला लेक नसते.

"मी कमिटीला सांगणार आहे," मी म्हणालो. "पण तुम्ही सांगितलंत तर जास्त बरं."

नर्सनं दार अर्धं उघडलं. "मुलगी बाबांना विचारतेय."

ते उठेनात. मग दप्तर माझ्याकडे देऊन उठले आणि आत गेले. दार अर्धवट राहिलं. मी बाजूला व्हायला हवं होतं, झालो नाही. सवय.

आत खुर्ची सरकली. मग त्यांचा आवाज आला, तुटक तुटक. लाल दिवा, तार, सांगायचं राहिलं. सगळं सांगितलं त्यांनी, काहीही न लपवता. भाऊकाकांनी माझ्यासाठी आपल्या अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं, हेसुद्धा.

मासोळीचा आवाज फाटलेल्या कागदासारखा येत होता. एकेका शब्दासाठी ती थांबत होती.

"मग काकांना... अजून कशाला... बसवून ठेवलंय?"



थोड्या वेळानं वायरमन बाहेर आले. तोंड धुतल्यासारखं ओलं होतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाचला वीस मिनिटं कमी होती.

"तुमच्याकडे गाडी आहे का?" ते म्हणाले. "मला तलावावर सोडा."